घरच्या संगणकाला राखणदार कोणता ठेवावा?



हल्ली आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी संगणक आला आहे. मुलांचा अभ्यास, सातबारा काढणे, बँकेचा व्यवहार, लाईटबिल, उसाच्या बिलांचा हिशोब, सारे त्यावर चालते. संगणक घेताना दुकानदार हमखास विचारतो, "अँटीव्हायरस टाकू का? थोडे जादा पडतील." आपण एक तर "टाका" म्हणतो, नाहीतर "फुकटातला टाका" म्हणतो. बेणे घेताना मात्र आपण मळा पाहतो, डोळे पाहतो, बेण्याचे वय विचारतो. मग ज्या यंत्रात आपला पैसा आणि कागदपत्रे आहेत, त्याचा राखणदार नेमताना चार गोष्टी पाहू नयेत काय? त्यासाठी हा पाठ.

आधी माझी चूक सांगतो

काही वर्षांपूर्वी मी घरी संगणक घेतला. दुकानदाराने काही महागडे प्रोग्रॅम फुकटात घालून दिले. ते चोरीचे होते हे मला कळत होते, पण पैसे वाचले म्हणून बोललो नाही. ते प्रोग्रॅम चालावेत म्हणून त्याने संगणकातला मूळचा राखणदार बंद करून ठेवला होता. हे मला ठाऊक नव्हते आणि मी विचारलेही नाही.

एका सकाळी मुलीने हाक मारली, "आप्पा, एकही फाईल उघडत नाही." प्रत्येक फाईलच्या नावाला विचित्र शेपूट लागले होते आणि पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी होती : पैसे भरा, मग कुलूप काढू. अकरा वर्षांचा उसाचा हिशोब त्यात होता. तो पुन्हा उभा राहिला, कारण वजनाच्या नोंदी कारखान्यात होत्या आणि खात्याचे उतारे बँकेत. वडिलांचे फोटो मात्र फक्त त्या संगणकातच होते. ते गेले ते गेले. त्यांची दुसरी प्रत ठेवायला फार तर एक पेनड्राईव्ह लागला असता.

व्हायरस म्हणजे काय?

व्हायरस हाही एक प्रोग्रॅमच असतो, फक्त दुष्ट हेतूने लिहिलेला. आयबीएमच्या घरगुती संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन' हा १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीवरून पसरे आणि नुकसान थोडेच करी. आताचे प्रकार निराळे आहेत. कोणी पासवर्ड चोरतो, कोणी गुपचूप पाळत ठेवतो, कोणी माझ्याकडच्यासारखे कुलूप घालून खंडणी मागतो. हुमणी जमिनीत मुळे खात असते आणि आपल्याला कळते ते ऊस पिवळा पडल्यावर. यातले काही प्रकार तसेच आहेत.

राखणदार दोन रीतींनी काम करतो. एक, ओळखीच्या चोरांची यादी जवळ ठेवतो आणि येणारी प्रत्येक फाईल तिच्याशी ताडून पाहतो. दोन, यादीत नसलेल्या प्रोग्रॅमची चाल पाहतो. एखादा प्रोग्रॅम भराभर शेकडो फाईली बदलू लागला तर त्याला अडवतो. यादीत रोज नवी भर पडते. म्हणून ज्याला अपडेट मिळत नाही तो राखणदार मुदत संपलेल्या औषधासारखा समजावा. डबा दिसतो, गुण येत नाही.

निवड करताना काय पाहावे?

१) आधी घरात आहे ते पाहा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' हा राखणदार मूळचाच असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' पाहावे. हिरवी खूण असेल तर तो जागा आहे. साध्या घरगुती कामाला, बाकीची शिस्त पाळली तर, तो बहुतेकांना पुरतो. दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर मागे सरतो. नव्या संगणकात पुष्कळदा एखाद्या कंपनीचा ठराविक दिवसांचा नमुना घातलेला असतो. त्याची मुदत संपली की एक तर पैसे भरून चालू करावा, नाहीतर काढून टाकावा आणि डिफेंडर जागा झाला की नाही ते पाहावे. मुदत संपलेला तसाच ठेवू नये.

२) विकतचा कोणी घ्यावा? घरात तीन-चार संगणक व फोन आहेत, मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायचे आहे, किंवा अडचण आली तर फोनवर बोलायला माणूस हवा, त्यांनी जरूर विचार करावा. आपल्या पुण्यातच 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात अँटीव्हायरस लिहिला. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण निवड नाव पाहून नको, निकाल पाहून करावी.

३) निकाल प्रयोगशाळेचा पाहावा. उसाचा उतारा किती हे आपण बांधावरून ठरवीत नाही, प्रयोगशाळा ठरवते. तसे जर्मनीत माग्डेबुर्ग येथे 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे 'एव्ही-कंपॅरेटिव्हज' या संस्था अँटीव्हायरस तपासून निकाल सर्वांना खुले ठेवतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकावर पडणारा भार आणि वापरातली सोय या तिन्हींना प्रत्येकी ६, असे १८ पैकी गुण देते. एका निकालावर न जाता मागचे तीन-चार पाहावेत. घरात मुलगा-मुलगी असेल तर त्यांच्याकडून हे वाचून घ्यावे.

४) संगणकाची ताकद पाहावी. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर जड अँटीव्हायरस टाकला तर तो रांगू लागतो. मग कंटाळून आपणच राखणदार बंद करतो. म्हणून आधी नमुना महिनाभर वापरावा, मग पैसे द्यावेत.

५) दुसऱ्या वर्षाची किंमत विचारावी. पहिल्या वर्षी सवलत असते, दुसऱ्या वर्षी पुरा दर लागतो आणि कार्ड जोडलेले असेल तर रक्कम आपोआप कापली जाते. किती यंत्रांना, किती वर्षांना, हे पावतीवर पाहून घ्यावे.

६) फुकटाची पारख करावी. नामांकित कंपन्यांचे फुकट अँटीव्हायरस असतात, वाईट असतात असे नाही. पण कंपनीचा खर्च कुठून निघतो हा प्रश्न विचारावा. 'अवास्ट' या कंपनीवर लोकांच्या इंटरनेट वापराची माहिती विकल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२४ साली १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला. आणि चोरीचा, 'क्रॅक' केलेला अँटीव्हायरस तर घेऊच नये. दरोडेखोरालाच वस्तीवर निजवण्यासारखे ते आहे.

७) राखणदार एकच ठेवावा. फवारणीच्या टाकीत दोन औषधे न विचारता मिसळली तर पीक जळते. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी जागे ठेवले तर ते एकमेकांनाच चोर समजतात, संगणक अडखळतो आणि खरा चोर सुटतो.

राखणदार ठेवला म्हणजे झाले काय?

नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने सुमारे १५० देशांतले संगणक बंद पाडले, इंग्लंडातली सरकारी रुग्णालयेसुद्धा अडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. म्हणून विंडोजचे अपडेट आले की "नंतर" म्हणू नये. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आहेत. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी संगणक ११ वर नेता येतो का ते तपासून घ्यावे.

दुसरे, चोराला आपणच दार उघडले तर राखणदार काय करणार? "तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा" अशी पाटी अचानक झळकली तर फोन करू नये, ती पाटीच लबाड असते. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून दुरून संगणक चालवण्याचे कोणतेही ॲप घालू नये. व्हॉट्सॲपवर योजनेच्या किंवा गाडीच्या दंडाच्या नावाने आलेली 'एपीके' फाईल उघडू नये. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसगत होऊन पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेला कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

तिसरे आणि सर्वांत मोलाचे, प्रत ठेवावी. महत्त्वाचे कागद, हिशोब आणि फोटो एका वेगळ्या डिस्कवर उतरवावेत, आणि काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवावी. संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कलाही तो व्हायरस कुलूप घालतो. शक्य असल्यास दुसरी प्रत गावाबाहेरच्या नातलगाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवावी. ज्याच्याजवळ प्रत आहे त्याला खंडणी भरण्याची गरजच राहात नाही. प्रत नसली तरी घाईने पैसे भरू नयेत, भरून फाईली मिळतीलच असे नसते. युरोपोल, नेदरलँडचे पोलीस आणि काही कंपन्या यांनी २०१६ साली सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात काही कुलपांच्या किल्ल्या मोफत मिळतात, तिथे आधी पाहावे. माझ्या कुलपाची किल्ली तिथे नव्हती.

सारांश असा : मूळचा राखणदार जागा ठेवा, अपडेट चुकवू नका, गरज असेल तरच निकाल पाहून विकतचा घ्या, आणि अँटीव्हायरसवर घालायचे पैसे वाचले तर त्यातून एक डिस्क घ्या. लक्षण दिसल्यावर औषधाच्या दुकानाकडे धावण्यापेक्षा बेणे-प्रक्रिया स्वस्त पडते, हे उसाच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवायला नको.

तरी सर्व सभासदांनी येत्या रविवारी अर्धा तास काढून मुलांना शेजारी बसवून आपला संगणक तपासावा. हिरवी खूण आहे का, अपडेट झाले आहे का, आणि घरातल्या जुन्या माणसांचे फोटो आणखी कुठे ठेवले आहेत का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर "नाही" असे आले, तर त्या दिवशी दुसरे काम हाती घेऊ नये, ही नम्र विनंती.