टर्बोचार्जरयुक्त एंजिनात झडपा दोन की चार?

एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात हवा आत घेण्यास एक आगम झडप व जळालेला वायू बाहेर टाकण्यास एक निष्कास झडप, ही मांडणी जुनी आहे. दोन्ही कामांस दोन-दोन झडपा देण्याची कल्पनाही नवी नव्हे. प्यूजोच्या १९१२ सालच्या शर्यतीच्या मोटारीत ती आढळते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली, बाहेर पडणाऱ्या वायूच्या बळावर टर्बाइन फिरवून सिलिंडरात दाबयुक्त हवा भरण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. हाच टर्बोचार्जर होय. येथे सहज शंका येते की, हवा जर बळाने आत लोटावयाची, तर दारे अधिक कशाला हवीत?

थोडे गणित करू. समजा, ४२ मिलिमीटर व्यासाच्या एका आगम झडपेऐवजी ३२ मिलिमीटरच्या दोन बसविल्या. वर्तुळांचे क्षेत्रफळ सुमारे १६ टक्केच वाढते. परंतु झडप जेव्हा थोडीच उचललेली असते, तेव्हा हवा तिच्या कडेभोवतीच्या फटीतून वाहते व ही फट परिघावर अवलंबून असते. झडप ५ मिलिमीटर उचलली असता पहिल्या मांडणीत सुमारे ६६० आणि दुसरीत १,००५ चौरस मिलिमीटर वाट मिळते. म्हणजे ५२ टक्के अधिक.

टर्बोचार्जरामुळे ही अडचण नाहीशी होत नाही. दाबमापक झडपेअलीकडील दाब दाखवितो; अरुंद वाटेत त्यातील काही भाग खर्ची पडतो. तो भरून काढण्यास हवा अधिक दाबावी लागते आणि दाबलेली हवा तापते. सायकलीचा पंप मारताना त्याची नळी गरम होते, हा अनुभव सर्वांना आहे. पेट्रोल-एंजिनात हवा अति तापली, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. त्यामुळे ठोके बसतात व प्रसंगी दट्ट्याही फुटतो. चार झडपांमध्ये स्पार्क प्लग मधोमध बसतो. ज्वालेचा प्रवास सर्व बाजूंनी आखूड होतो व हा धोका घटतो.

दोन झडपांचा पक्षही दुबळा नाही. भाग कमी, खर्च कमी, दुरुस्ती सुलभ. मंद गतीत लहान मार्गातून हवा वेगाने शिरते व मिश्रण चांगले ढवळते. शिवाय चार झडपांच्या हेडात दोन निष्कास झडपांमधील धातूची अरुंद पट्टी फार तापते. तेथे पाणी नीट न खेळल्यास तडा जातो.

स्वीडनमधील साब कंपनीचे उदाहरण बोधप्रद आहे. १९७७ साली तिने दाखविलेल्या १,९८५ घन सेंटिमीटरच्या आठ झडपांच्या टर्बो एंजिनाची शक्ती १४५ अश्वशक्ती होती. १९८४ च्या सुमारास त्याच आकारमानाच्या सोळा झडपांच्या एंजिनाने १७५ अश्वशक्ती दिली. संपीडन गुणोत्तरही ७.२ वरून ९ वर नेता आले. मात्र या एंजिनास दाबलेली हवा थंड करणारे शीतकही जोडलेले होते. म्हणून सर्व श्रेय झडपांना देणे योग्य नव्हे.

तात्पर्य, एंजिन मंद गतीने, माफक शक्तीसाठी व दीर्घकाळ चालवावयाचे असेल, तर दोन झडपा पुरतात. वेग व शक्ती दोन्ही हवी असल्यास चार झडपा घ्याव्यात. पण त्यासोबत हेडाच्या शीतनाची काळजीही घ्यावी. टर्बोचार्जर अरुंद दाराची उणीव झाकतो, भरून काढीत नाही. वाचकांनी कागदावर ९० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून त्यात दोन व चार झडपा बसवून पाहाव्यात. निवडीचे मर्म डोळ्यांनाच दिसेल.