आधी ग्राफ पेपर, मग तलवार

ऐंशीच्या दशकातले रोल-प्लेइंग गेम एकदा खेळून बघावेत, अशी हौस हल्ली बऱ्याच जणांना येते. जरूर खेळा. पण कॉम्प्युटर सुरू करण्याआधी ग्राफ पेपर, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा. या गेमचा अर्धा भाग पडद्यावर नव्हताच.

'विझर्ड्री' घ्या. १९८१ साली ॲपल टूवर आलेला, अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा. भुयाराचे दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकटींचा. दिसायच्या फक्त भिंतींच्या रेघा, त्याही पडद्याच्या एका कोपऱ्यात. नकाशा ज्याचा त्याने काढायचा. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी दादा कीबोर्डवर आणि मी कागदावर, अशी वाटणी होती. आणि गेम नेमका कागदवाल्याच्या मुळावर उठलेला! काही चौकटींत पाय पडला की आपल्या पात्रांची अख्खी टोळी गुपचूप भलत्याच दिशेला वळायची. मजल्याच्या एका कडेने बाहेर पडलं की समोरच्या कडेने आत. दादा म्हणे, "तुझा नकाशा चुकलाय," मी म्हणे, "तू वळलास कशाला?" आणि आई दोघांनाही जेवायला उठवी.

याला उतारा होता. 'डुमापिक' मंत्र टाइप केला की जिन्यापासून आपण किती पूर्वेला, किती उत्तरेला आणि किती खाली आहोत ते कळे. पण तो जादूगाराच्या पहिल्याच पातळीचा, आणि त्याच पातळीवर शत्रूला झोपवणारा 'कटिनो'. दोन्ही एकाच मोजक्या साठ्यातून खर्च होतात, त्यामुळे सगळे मंत्र झोपवण्यातच उडवण्याचा मोह होतो. एक तरी डुमापिकसाठी राखून ठेवा. पुढे 'मालोर' मिळेल, हव्या त्या ठिकाणी क्षणात नेणारा. तेव्हा किती चौकटी कुठे सरकायचं याचे आकडे दोघांनी वेगवेगळे मोजा. भलत्या जागी उतरलात तर सगळी टोळी दगडात गाडली जाते, आणि मग मेलेल्यांना उठवणारं देऊळही कामाला येत नाही.

देवळाचं वेगळंच. मेलेला माणूस उठवायला तिथे पैसे मोजावे लागतात. आमच्या टोळीला आम्ही घरच्यांची नावं दिली होती. वैद्यकी करणारी होती आत्या. आत्या तिसऱ्या मजल्यावर मारली गेली. पुजाऱ्यांनी पैसे आधी घेतले आणि तिची राख केली. राखेतूनही उठवता येतं, पण जास्त पैसे मोजून, आणि तेही फसलं तर नाव यादीतून कायमचं गेलं. आमचं फसलं. मरणाची नोंद फ्लॉपीवर तिथल्या तिथे होई, त्यामुळे ड्राइव्हचा लाल दिवा लागला की पोटात गोळा येई. खेळाच्या फ्लॉपीची एक प्रत जरूर ठेवा, पण दिवसाला एकच. दर लढाईनंतर प्रत काढलीत तर भीती जाते आणि उरतो नुसता जमाखर्च.

आणखी एक. चौथ्या मजल्यावर निळी फीत मिळाली की लिफ्ट थेट नवव्यावर नेते. मधल्या मजल्यांचे नकाशे काढत बसण्याची सक्ती नाही. आम्ही काढले, कारण वेळ होता.

'अल्टिमा फोर'चा (१९८५) स्वभाव अगदी उलटा. तिथे मंत्रांसाठी लागणारी सामग्री विकणाऱ्या आंधळ्या बायका आहेत. किती पैसे द्यायचे ते आकडा टाइप करून तुम्हीच सांगायचं. कमी दिले तरी कुणी हटकत नाही, दादा तर खूश होता. पण गेम आतल्या आत तुमच्या प्रामाणिकपणाचा हिशेब ठेवत असतो आणि फार पुढे गेल्यावर तो वसूल करतो. पूर्ण किंमत द्या. सोबतच्या पुस्तिकाही आधी वाचा, कारण बहुतेक मंत्र कशाकशाचे बनतात ते त्यांतच आहे. हा गेम आज इंटरनेटवर कायदेशीरपणे फुकट मिळतो, पुस्तिकांसकट.

'पूल ऑफ रेडियन्स'ची (१९८८) पुस्तिका मात्र आधी चाळू नका. गेम मध्येच एखादा क्रमांक देतो, तेवढीच नोंद उघडून वाचायची. उतावळेपणाने पुढचं वाचून ठेवणाऱ्यांसाठी तिच्यात मुद्दाम खोट्या नोंदी पेरलेल्या आहेत.