आधी पाणी, मग पाला

पोरी, शेतावर राहायचं म्हणजे विळा, खुरपं, बाभळीचा काटा आणि उसाचं पाचट यांच्याशी रोजची गाठ. हात कापणार, नडगी सोलणार. कुठला पाला लावायचा ते विचारलंस, ते सांगतेच. पण पाल्याचा नंबर तिसरा. पहिलं रक्त थांबवायचं, दुसरं जखम धुवायची.

रक्त येत असेल तर स्वच्छ सुती फडक्याची घडी करून दहा मिनिटं घट्ट दाबून धर. थांबलं का म्हणून मधेच उघडून बघू नकोस. उघडलं की धरत आलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दहा मिनिटांनीही रक्त वाहतंच असेल तर दाब तसाच ठेवून दवाखाना गाठ. थांबलं तर जखम वाहत्या पाण्याखाली धर, भोवतालची कातडी साबणाने धू, आतली माती-कुसळं काढ. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. हवा पोचत नाही अशा खोल जागी ते फोफावतात, म्हणून काट्या-खिळ्याची बारीक पण खोल जखम जास्त वाईट. शेण, माती, राख, तंबाखू, चुना, चहाची पूड, कुणी कितीही मायेने आणून दिलं तरी जखमेला लावू देऊ नकोस.

आता दगडीपाला. बांधावर, पायवाटेला, भिंतीच्या फटीत, कुठेही दिसेल. मूळचा अमेरिकेकडचा, पण आता आपल्याच मातीतला झालाय. जमिनीलगत पसरतो, आणि वर वीतभर लांब बारीक दांडा, त्यावर एकच फूल: मधे पिवळं, कडेला मोजक्या पांढरट पाकळ्या, टोकाला खाचा पडलेल्या. पान करवती कडेचं, बोट फिरवलं की खरखरीत, केसाळ. चुरगळलं की हिरवा रस सुटतो. खरचटल्यावर या रसाने रक्त धरतं हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं. उंदरांवरच्या प्रयोगांतही या पानांनी जखमा लवकर भरल्याचं दिसलंय. पण प्रयोगशाळेतला अर्क गाळलेला, मोजून घेतलेला असतो, आणि आपलं पान असतं म्हशीच्या वाटेवरचं. म्हणून रानात जवळ काहीच नसेल आणि नुसतं वरवर खरचटलं असेल, तरच. हात धुवून, पानं दोनतीन पाण्यांनी धुवून, स्वच्छ फडक्यातून पिळून फक्त रस लाव. चोथा बांधून ठेवायचा नाही. घरी आलीस की पुन्हा धुवून साधी पट्टी कर.

हळदीचं वेगळं. तिचा पिवळा गुण पाण्यात विरघळत नाही, तुपा-तेलात उतरतो. म्हणून कोमट तुपात कालवून लावायची, कोरडी भुरभुरायची नाही. तीही घरी हळकुंड फोडून दळलेली असावी. सांगलीकडची राजापुरी मिळाली तर सोनंच. सुट्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते, ती जखमेत नको. उघड्या, ओल्या जखमेत हळद कोंबायचीही नाही. ती खरचटण्यापुरती. तिच्यावर माझा जीव आहे, कारण तिच्यासाठी आपली माणसं भांडलीत. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या आपल्या देशाच्या संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्या संस्थेने जुने ग्रंथ, छापील लेख पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आज्या हळद लावत होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिथे कामाला आला तो लिहिलेला कागद. तेव्हा मी सांगतेय ते वहीत उतरवून घे, झाडाचं फूल-पान चिकटवून.

कोरफड भाजल्यावर. पण आधी वीस मिनिटं गार वाहतं पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. तोवर पान कापून उभं ठेव, पिवळा चीक गळून जाऊ दे. त्याने कातडी चुरचुरते. मग साल काढून आतला गर धुवून लाव. फोड फोडायचा नाही. फोड तळहातापेक्षा मोठा, किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर असला तर कोरफडीच्या वाटेलाही जाऊ नकोस, डॉक्टरकडे जा.

जात्यादि तेल घरात असू दे. जाईची पानं, कडुनिंब, हळद, मंजिष्ठा, ज्येष्ठमध असं बरंच त्यात असतं. मोरचूदही असतो, त्यामुळे पोटात मुळीच जाता कामा नये. रेंगाळलेल्या जखमेला ते वैद्याने बघून सांगितलं तरच.

आणि रोज पट्टी सोडलीस की जखम नीट बघत जा. औषधापेक्षा ही नजर मोलाची. सुश्रुताने जखमेवरचे साठ उपाय सांगितले, आणि स्वच्छ जखमेची खूणही दिली: जिभेसारखी दिसणारी, मऊ, स्निग्ध, न दुखणारी, न वाहणारी. आजही सर्जन तळाशी लाल, बारीक दाणेदार मांसांकुर शोधतात. तो दिसला की जखम स्वतःच भरतेय, तिला फक्त स्वच्छ आणि झाकलेली ठेव. तळ पांढरा-पिवळा, काळसर झाला, वास आला, भोवतालची लाली रोज पसरत चालली, लाल रेघ वर चढली, ताप भरला, तर एक पानही लावू नकोस, त्याच दिवशी दवाखाना.

आजोबांसारखा मधुमेह असलेल्यांच्या पायाला तर घरगुती काहीच नाही. त्यांना अनेकदा दुखत नाही, म्हणून कळत नाही. रोज रात्री तळवे तूच बघ. कुत्रं चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धू आणि लगेच रेबीजची लस. मिरची, हळद, पाला काही नाही. साप चावला तर जखमेला हातच लावायचा नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही, बांधायचं नाही, तो अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालयात न्यायचं.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंस ते आठवत नसेल, तर बियाणं आणायला तालुक्याला जाशील तेव्हा आधी ते घेऊन ये आणि तारीख त्याच वहीत पहिल्या पानावर लिही.