बिबड्यांचा दिवस आणि घरातली माणसे

खानदेशात होळी आटोपली की वाळवणाची लगबग सुरू होते. पापड, शेवया, कुरडया महाराष्ट्रात सगळीकडेच होतात. जळगाव-धुळ्याकडचा खास पदार्थ म्हणजे ज्वारीचे बिबडे. हे काम एकट्यादुकट्याचे नाही आणि एका दिवसाचेही नाही. त्यामुळे एकाच कामात एखादे घर रमते आणि दुसरे चिडचिडते, ते कशाने, हे त्यात चांगले दिसते.

ज्वारी ओलावून कांडायची, कोंडा पाखडायचा, दोन-तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायचे, मग निथळून दळायची. करायच्या दिवशी पहाटे मोठ्या पातेल्यात आधण ठेवून त्यात लसूण, मिरची, जिरे, तीळ, मीठ घालायचे, पीठ वैरायचे आणि गुठळी होऊ न देता घाटत राहायचे. गच्चीवर खाटेवर ओले सुती कापड ताणलेले असते. त्यावर हे शिजलेले पीठ, म्हणजे घाटा, ओल्या हाताने गोल थापायचा. घाटा गरम असेपर्यंतच थापता येतो. निवला की घट्ट होतो, कडा फाटतात. त्यात एप्रिलचे जळगावचे ऊन. नऊ वाजले की गच्चीवर पाय ठरत नाही.

घाई अशी खरीच असते. घर बिघडते ते मात्र दुसऱ्याच कारणाने. डबे भरण्यावर नजर असली की प्रत्येक हात चुकल्यासारखा वाटू लागतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने थापलेला बिबडा लांबट झाला म्हणून मोठ्या बाईने तो खरवडून पुन्हा थापला, तर ती मुलगी खाली जाऊन मोबाइल घेऊन बसते आणि पुढच्या वर्षी वर येत नाही. तळल्यावर लांबट कोणता आणि गोल कोणता, हे कोणी बघतही नाही! मुलांना एक कोपरा द्यावा आणि तिकडे वळूनही पाहू नये, असा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट मापाची. पुण्याच्या लेकीचा डबा, सुरतच्या दिराचा डबा असे करता करता ज्वारी दुप्पट होते. जेवढे गारव्यात थापून होईल तेवढेच भिजवावे. मधेच खाण्यालाही मज्जाव नसावा. पातेल्यातला गरम घाटा वर तेल घालून, किंवा अर्धवट वाळलेला बिबडा शेंगदाण्यांबरोबर, ही त्या दिवसाची न्याहारी. ती डब्यातली तूट म्हणून मोजणाऱ्या घरात कोणी मनापासून हात लावत नाही.

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न चुलीजवळचा आहे. गच्चीवर गप्पा रंगतात आणि एकच बाई खाली घाटत असते. कामातला आनंद सांगताना खानदेशात बहिणाबाई चौधरींचे (१८८०–१९५१) नाव हटकून निघते. असोद्याची ही लेक लिहिणे-वाचणे शिकलेली नव्हती. शेतात, घरात काम करता करता ओव्या रचत गेली आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. पण ऐन तिशीत वैधव्य आलेल्या बाईचे ते कष्ट हौसेचे नव्हते. तिचे उदाहरण देऊन घरच्या सुनेला एकटीला पातेल्याशी उभे करणे हा अप्पलपोटेपणा झाला. घाटण्याला जोर लागतो, तेव्हा ते पुरुषांनी पाळीपाळीने घ्यावे.

वाळल्यावर कापड उलटे करून पाठीवर पाणी शिंपडले की बिबडे अलगद सुटतात; मग दुसरी बाजू उन्हाला द्यायची. हे काम संथ असते, आजी-आजोबांना बसून जमते, म्हणून ते त्यांच्याकडेच ठेवावे. घरात आजारपण असेल, कोणाची परीक्षा असेल किंवा करणारी बाई एकटीच उरली असेल, त्या वर्षी वर्षाचा साठा महिला बचत गटाकडून विकत आणावा. हौस असलीच तर एका रविवारी छोटे पातेले चढवावे आणि त्यातले बरेचसे वाळण्याआधीच संपेल, हे धरून चालावे.