घोयऱ्याला मारू नका



बांधावरच्या झाडावर किंवा माळाच्या झुडपात चपट्या अंगाचा, शेपटी गुंडाळून बसलेला हिरवा सरडा दिसला, की आपल्याकडं पहिला हात दगडाकडं जातो. ‘घोयरा आहे, विषारी असतो,’ म्हणत पोरं त्याला ठेचतात आणि मोठी माणसंही अडवत नाहीत. म्हणून या प्राण्याची खरी माहिती आम्ही येथे देत आहोत.

घोयरा आणि नेहमीचा सरडा हे दोन वेगळे प्राणी आहेत. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण नेहमीच्या सरड्याची. घोयऱ्याला तेवढंही धावता येत नाही. त्याच्या प्रत्येक पायाची बोटे दोन आणि तीन अशी जुळून त्यांची सांडशी झालेली असते. फांदी पकडायला ती उत्तम, पण जमिनीवर चालताना बिचारा डुलत डुलत जातो. शेपटी हा त्याचा पाचवा हात. ती पालीसारखी तुटून पडत नाही.

डोळे तर नवलाचे! एक पुढे बघतो, त्याच वेळी दुसरा मागे. भक्ष्य दिसले की दोन्ही डोळे त्यावर रोखले जातात आणि अंगाच्या लांबीइतकी जीभ बाणासारखी सुटते. सन २०१६ मध्ये बेल्जियममधील शास्त्रज्ञांना आढळले, की शॅमेलिऑनच्या जिभेवरचा चिकटा माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट दाट असतो. टोळ, नाकतोडे, माश्या त्याला चिकटून येतात. पण तो नुसता चिकटा आहे, विष नव्हे.

आता रंगाविषयी. घोयरा लपण्यासाठीच रंग बदलतो, हा समज अपुरा आहे. ऊन, थंडी, भीती, राग, जोडीदाराची भेट, यांप्रमाणे रंग पालटतो. मादागास्करच्या एका शॅमेलिऑनवर जिनिव्हात झालेला अभ्यास सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या कातडीतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातले अंतर कमी-जास्त झाले, की कातडीवरून परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे रंग ही त्याची बोली आहे, लबाडी नव्हे.

डिवचल्यावर तो अंग फुगवतो, तोंड वासतो, फुसकारतो. यावरूनच भीती वाढली असावी. हातात धरला तर चावेलही, पण त्याच्या चाव्यात विष नसते.

मादी अंडी घालायला झाडावरून खाली उतरते, खड्डा उकरून अंडी घालते आणि वर माती लोटते. या वेळी ती दगडाच्या, काठीच्या आणि गाडीच्या चाकाच्या तावडीत सापडते. पळणं तर तिला जमत नाही. एक मादी मेली, तर तिच्याबरोबर पुढची वीत गेली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयऱ्याला संरक्षण आहे. तेव्हा बांध पेटवण्याआधी झुडपं एकदा बघून घ्या. वाटेत घोयरा दिसला तर काठीवर चढवून जवळच्या झाडावर सोडा. आणि घरातल्या मुलांना एवढं जरूर सांगा, की हे गरीब जनावर आपल्या पिकावरचे किडे खातं, आपलं काही खात नाही.