मी सोडलेला डोस जातो कुठे?

प्रश्न : गरीब देशांना लस पुरत नाही. मी डोस घेतला नाही, तर तो त्यांना मिळेल का?

उत्तर : या प्रश्नामागची आस्था मोलाची आहे, पण लस अशी हातोहात पुढे जात नाही. कोव्हिशिल्ड या करोना लशीच्या एका कुपीत दहा डोस असत. ती उघडली की काही तासांत संपवायची. दहावा माणूस फिरकलाच नाही, तर उरलेला डोस थेट कचऱ्यात.

कोणत्या देशाला किती लस, हे ठरते सरकारी करारांवर. २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत भारताने निर्यात रोखली आणि कोव्हिशिल्ड बनवणाऱ्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर भिस्त असलेली, गरीब देशांना लस पुरवणारी ‘कोव्हॅक्स’ योजना कित्येक महिने खोळंबली.

हजारोंचा नकार एकत्र आला, की मात्र फरक पडतो. आफ्रिकेतील मलावीला त्याच वर्षी मार्चमध्ये मिळालेल्या सीरमच्या लशींची मुदत जेमतेम अठरा दिवसांची होती. त्यात लोकांच्या मनात लशीची धास्ती. मे महिन्यात १९,६१० डोस जाळावे लागले, ही गोष्ट आजही जिवाला लागते. डिसेंबरात तर नव्या मागणीअभावी सीरमने कोव्हिशिल्डचे उत्पादन निम्म्यावर आणण्याचे जाहीर केले.

कुपीचे हे गणित आजही लागू आहे : गोवर-रुबेलाची कुपीही उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते. म्हणून बाळाला नेमल्या दिवशीच न्यावे; जमणार नसेल, तर आशाताईंना आधी कळवावे.