ईश्वर फसवू शकतो काय? : ख्रिस्ती व मुस्लिम पंडितांतील एक जुना वाद

सर्वशक्तिमान ईश्वराला खोटे बोलता येईल काय? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. पण ‘येणार नाही’ म्हणावे, तर त्याच्या शक्तीला मर्यादा पडते. ‘येईल’ म्हणावे, तर त्याच्या वचनावर भरवसा कशाच्या आधारे ठेवावयाचा? ख्रिस्ती आणि इस्लाम या दोन्ही धर्मांची उभारणी ईश्वरी वचनावर झालेली असल्याने दोघांनाही हा पेच टाळता आला नाही. प्रस्तुत लेखात या वादाची ओळख करून घ्यावयाची आहे.

प्रथम ख्रिस्ती पक्षाचे आक्षेप पाहू. कुराणाच्या तिसऱ्या अध्यायातील ५४ व्या वचनात, शत्रूंच्या ‘मक्र’ला ईश्वरानेही ‘मक्र’ करूनच उत्तर दिले, असा आशय आहे. हिंदीतील ‘मक्कार’ हा शब्द याच धातूपासून आलेला असल्यामुळे तो आपल्या कानाला खटकतो. अरबीत मात्र ‘मक्र’ म्हणजे गुप्तपणे आखलेला बेत. तो दुष्ट असेल, तसा न्याय्यही असेल. कपटाच्या शिक्षेलाच येथे कपटाचे नाव दिले आहे, असेही भाष्यकार सांगतात. हा आक्षेप बव्हंशी शब्दार्थाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. चौथ्या अध्यायातील १५७ व्या वचनानुसार येशूला क्रुसावर मारले गेले नाही, लोकांना तसा भास झाला. येशूचे रूप दुसऱ्या कोणाला तरी देण्यात आले, असे अनेक मुस्लिम भाष्यकारांनी सांगितले आहे. त्यावर ख्रिस्ती पंडित विचारतात : शत्रूंना चकविले हे समजू शकते, पण क्रुसाजवळ उभ्या असलेल्या आईने काय अपराध केला होता? आणि ज्या भासावर पुढे असंख्य भाविकांची श्रद्धा बसली, त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे?

मुस्लिम पंडित प्रत्युत्तरादाखल बायबल उघडतात. ‘१ राजे’ या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात अहाब राजाचा नाश व्हावा म्हणून त्याच्या चारशे संदेष्ट्यांच्या मुखी असत्य वदविणारा आत्मा ईश्वराच्या अनुमतीने जातो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही, सत्य नाकारणाऱ्यांवर ईश्वर भ्रांती पाठवितो, असा उल्लेख आहे. उलट तीताला लिहिलेले पत्र ईश्वर खोटे बोलत नाही असे सांगते. ख्रिस्ती भाष्यकारांचे उत्तर असे की, ईश्वराने असत्य घडू दिले, स्वतः उच्चारले नाही. शिवाय अहाबाला मीखाया या संदेष्ट्याने ही सारी हकीकत युद्धापूर्वीच सांगितली होती. राजाने ती ऐकली नाही.

येथवर वाद म्हणजे वचनांची फेकाफेक वाटेल. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, दोन्हीकडचे बिकट आक्षेप त्या त्या धर्मातील विचारवंतांनी स्वतःच उपस्थित केले आहेत. बाराव्या शतकात जन्मलेले थोर कुराणभाष्यकार फख्रुद्दीन राझी (मृत्यू १२०९) यांनी स्वतःच विचारले : एकाचे रूप दुसऱ्याला देता येत असेल, तर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची तरी खात्री कशी बाळगावी? अनेकांच्या साक्षीवर तरी विश्वास कसा ठेवावा? त्यांच्या उत्तराचा रोख असा : ईश्वराला हुबेहूब दुसरा माणूस निर्माण करणे शक्य आहे, हे सर्वांनाच मान्य आहे, तरी समोरच्या माणसाविषयी आपण संशय घेत नाही. शक्य असणे वेगळे आणि घडणे वेगळे.

ख्रिस्ती परंपरेतही हेच दिसते. चौथ्या शतकातील निस्सा येथील ग्रेगरी यांनी, मानवदेहाचे आमिष दाखवून ईश्वराने सैतानाला गळाला लावले, असा दृष्टान्त दिला आणि वैद्य अन्नात मिसळून औषध देतो त्याप्रमाणे त्याचे समर्थन केले. ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी मात्र कोणतेही असत्य भाषण निषिद्ध मानले. पुढे चौदाव्या शतकात रॉबर्ट होल्कॉट या डोमिनिकन पंडिताने ईश्वर फसवू शकतो असे प्रतिपादन केले; त्याच शतकातील रिमिनीच्या ग्रेगरींनी ईश्वराला असत्य सांगणे अशक्य आहे, असे ठामपणे मांडले.

आपल्या देशातही हा वाद पेटला होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ईश्वर मनात आणील तर असंख्य मुहंमद निर्माण करील, असे दिल्लीचे शाह इस्माईल (मृत्यू १८३१) यांनी लिहिले. फझ्ल-ए-हक खैराबादी यांनी हरकत घेतली : मुहंमद हे अंतिम प्रेषित असे ईश्वराचे वचन आहे, मग दुसरा होणे शक्य मानल्यास ते वचन खोटे ठरणे शक्य मानावे लागेल. ‘इमकान-ए-किझ्ब’, म्हणजे असत्याची शक्यता, या नावाने हा वाद पुढे देवबंद आणि बरेली येथील उलेमांतही चालला. १८५७ च्या उठावानंतर फझ्ल-ए-हक यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८६१ मध्ये अंदमानात त्यांचा अंत झाला.

तात्पर्य, खरी फूट ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्यामध्ये नाही. एक पक्ष ईश्वराच्या सामर्थ्याला प्रथम स्थान देतो, दुसरा त्याच्या सत्यतेला; आणि हे दोन्ही पक्ष दोन्ही धर्मांत आहेत. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना येथे देकार्त आठवेल. १६४१ च्या आपल्या चिंतनग्रंथात त्याने म्हटले आहे की, फसविता येणे हे सामर्थ्याचे लक्षण वाटले, तरी फसविण्याची इच्छा हे दुर्बलतेचे किंवा दुष्टपणाचे लक्षण होय. घड्याळ खोटे बोलत नाही, म्हणून आपण त्याला सत्यवचनी म्हणत नाही. ज्याला खोटे बोलता येते पण जो बोलत नाही, त्याच्याच शब्दाला आपण मोल देतो. पण तो बोलत नाही, हे कळावयाचे कशावरून? त्याच्याच वचनावरून म्हणावे, तर आपण पुन्हा मूळ प्रश्नाशी येतो. येथे तर्क थांबतो आणि श्रद्धेचा प्रांत सुरू होतो. दुसऱ्याच्या धर्मग्रंथातील एखादे वचन बोटाने दाखविण्यापूर्वी हाच प्रश्न आपल्या ग्रंथाला विचारून पाहावा, एवढा बोध या वादातून घेता आला तरी पुष्कळ झाले.